बंपरला व्हेंट पाडण्याआधी हे वाचा: डिस्क ब्रेकवाल्या फ्रेडरिक लँचेस्टरची गोष्ट

मी बुलढाणा जिल्ह्यातला. आमच्याकडे गाडी घेतली की घाट काही टळत नाही. मलकापूरकडे उतरायचं तर राजूर घाट, खामगावकडे जायचं तर बोथ्याचा घाट. वर आता समृद्धी महामार्गही जिल्ह्यातून गेलाय, म्हणजे वेगही आला. त्यामुळे ब्रेकबद्दलचे प्रश्न मला सारखे येतात. हल्ली सगळ्यात जास्त येणारा प्रश्न असा: पुढच्या बंपरला व्हेंट पाडून तिथून पाइपने चाकापर्यंत हवा नेली की ब्रेक थंड राहतात, असं एका रीलमध्ये बघितलं. आपणही करून घ्यायचं का?

याचं उत्तर आज नीट देतो, आकड्यांसकट. पण त्याआधी एका माणसाची ओळख करून देतो. त्याने डिस्क ब्रेकचं पेटंट घेतलं आणि त्याच माणसाने हवेच्या वागण्यावर जाडजूड पुस्तकही लिहिलं. म्हणजे ब्रेक आणि हवा, या प्रश्नाच्या दोन्ही बाजू एकाच डोक्यात होत्या. नाव फ्रेडरिक लँचेस्टर. गंमत म्हणजे तुमच्या बाईकच्या पुढच्या चाकाला भोकाभोकांची डिस्क असेल, तर तुम्ही रोज त्याचीच कल्पना दाबताय, पण हे नाव आपल्यापैकी फार थोड्यांनी ऐकलेलं असतं.

पदवी नसलेला इंजिनिअर

लँचेस्टरचा जन्म २३ ऑक्टोबर १८६८ रोजी लंडनच्या लुईशम भागात झाला. वडील आर्किटेक्ट होते. घरात आठ भावंडं. हा मुलगा साउथहॅम्प्टनला आणि नंतर लंडनच्या साउथ केन्सिंग्टनला इंजिनिअरिंग आणि विज्ञान शिकला, पण पदवी न घेताच बाहेर पडला.

१८८९ मध्ये त्याला बर्मिंगहॅममध्ये गॅस इंजिन बनवणाऱ्या एका कंपनीत नोकरी लागली. पगार आठवड्याला एक पौंड. नोकरीच्या करारात एक कलम होतं: इथे काम करताना तू जी सुधारणा शोधशील ती कंपनीच्या मालकीची. विशी नुकतीच ओलांडलेल्या पोराने काय करावं? त्याने सही करण्याआधी ते कलम खोडून टाकलं! नंतर इंजिनाचा वेग आपोआप सांभाळणारा एक गव्हर्नर त्याने शोधला, त्याचं पेटंट स्वतःच्या नावावर घेतलं आणि कंपनीकडूनच रॉयल्टी मिळवली. ॲप उघडल्याबरोबर खाली न बघता ‘ॲग्री’ दाबणाऱ्या आपल्या पिढीने हे जरा लक्षात ठेवावं.

गाडी कशी असावी, हे मुळापासून

त्या काळी इंग्लंडमध्ये मोटार म्हणजे घोडा काढून इंजिन बसवलेली बग्गी. लँचेस्टरला ते पटेना. त्याने भाऊ जॉर्जला हाताशी घेऊन १८९५-९६ मध्ये पहिली गाडी बनवली. बग्गीची नक्कल न करता चाकं, इंजिन, सांगाडा, सगळं एकमेकांचा विचार करून आखलेलं. १८९९ च्या अखेरीस लँचेस्टर इंजिन कंपनी उभी राहिली आणि थोड्याच काळात गाड्या विक्रीला आल्या.

या सुरुवातीच्या गाड्यांमधली एक गोष्ट आपल्या विषयाला लागू पडते. त्यांचं इंजिन पाण्याने नाही, हवेने थंड व्हायचं. आणि त्यासाठी पंखे बसवलेले होते. गाडी पुढे पळतेय म्हणजे हवा आपोआप मिळेल, एवढ्यावर तो विसंबला नाही. गरम भागापर्यंत हवा पोचवावी लागते, हे त्याने त्या वेळीच ओळखलं होतं. ही गोष्ट मनात ठेवा, बंपरकडे आलो की परत लागणार आहे.

१९०२: तबकडी आणि जबडा

आता ब्रेक. ब्रेक काय करतो? गाडीची गती खाऊन तिची उष्णता करतो. बस्स, एवढंच. गती कुठेही गायब होत नाही.

हिशोब बघा. १२०० किलोची गाडी ताशी १०० किलोमीटर वेगाने चाललीय आणि तुम्ही ती पूर्ण थांबवली. त्यात साधारण ४६० किलोज्यूल ऊर्जा बाहेर पडते. एवढ्या ऊर्जेत दीड लिटर पाणी ३० अंशांपासून उकळीपर्यंत जाईल. तुमचा पाय पेडलवर असतो त्या चार-पाच सेकंदांत हे सगळं काही किलो लोखंडात उतरतं. वेग निम्मा, म्हणजे ५० असेल, तर उष्णता निम्मी नाही, पाव होते. कारण ती वेगाच्या वर्गावर अवलंबून असते.

लँचेस्टरच्या काळातले ब्रेक म्हणजे चाकावर किंवा ड्रमवर आवळला जाणारा पट्टा नाहीतर ठोकळा. १९०२ मध्ये त्याने वेगळ्याच रचनेचं पेटंट घेतलं: चाकाबरोबर फिरणारी धातूची पातळ तबकडी, आणि तिच्या कडेला दोन्ही बाजूंनी चिमटा घेणारे जबडे. तबकडी दोन्ही अंगांनी उघडी, तिला हवा लागतेय. आजचा डिस्क ब्रेक आणि कॅलिपर म्हणजे मुळात हेच.

मग ते तेव्हाच का चाललं नाही? कारण घासायला लागणारा पदार्थच नव्हता. त्याने जबड्यांना तांब्याचं अस्तर लावलं. धातूवर धातू घासून कर्कश किंचाळी निघायची. त्यात रस्ते कच्चे, धुळीचे. ती धूळ मध्ये अडकून तांबं भराभर झिजायचं. कल्पना बरोबर, पण मटेरियल मागे पडलेलं.

त्याच सुमारास इंग्लंडमध्येच हर्बर्ट फ्रूड नावाचा माणूस या दुसऱ्या टोकाला भिडला होता. उतारावरून येणाऱ्या घोडागाड्यांचे गाडीवान ब्रेकच्या ठोकळ्याला जुना बूट ठोकतात, हे बघून त्याला ब्रेक लायनरची कल्पना सुचली, असं सांगतात. पुढे त्याने ॲस्बेस्टॉस वापरून उष्णता सोसणारं लायनर बनवलं. त्याची कंपनी फेरोडो, हे नाव आजही ब्रेक पॅडच्या खोक्यावर दिसतं. ॲस्बेस्टॉस फुप्फुसांना घातक असल्याचं नंतर कळलं आणि दुसरे पदार्थ आले, तो भाग वेगळा.

दुसरं वेड: हवा

गाड्या बनवता बनवता लँचेस्टरचं दुसरं प्रकरण चालूच होतं. पक्षी पंख न हलवता हवेत तरंगतात कसे? १८९४ मध्ये, म्हणजे राइट बंधूंच्या उड्डाणाच्या नऊ वर्षं आधी, त्याने बर्मिंगहॅममध्ये या विषयावर आपले विचार मांडले. पंखाभोवती हवा कशी वळते आणि पंखाच्या टोकाशी भोवरे कसे तयार होतात, हे त्याला दिसलं होतं. १८९७ मध्ये त्याने हे लिहून लंडनमधल्या एका वैज्ञानिक संस्थेकडे पाठवलं. त्यांनी ते छापायला नकार दिला.

दहा वर्षांनी, १९०७ मध्ये, त्याचं वायुगतिकीवरचं पुस्तक आलं आणि पुढच्याच वर्षी दुसरा खंड. १९०८ मध्ये तो जर्मनीत गॉटिंगेनला जाऊन लुडविग प्रांट्ल या मोठ्या शास्त्रज्ञाला भेटला. पुढे प्रांट्लने याच विचाराला पक्कं गणिती रूप दिलं. विमान हवेत कसं उचललं जातं, हे सांगणाऱ्या त्या सिद्धांताला आज दोघांचंही नाव जोडलं जातं.

या माणसाची स्वारी एवढ्यावर थांबली नाही. इंजिनाचा थरथराट मारायला त्याने उलट्या दिशेने फिरणाऱ्या वजनदार शाफ्टची युक्ती काढली. आजच्या कितीतरी बाइकच्या माहितीपत्रकात बॅलन्सर शाफ्ट लिहिलेलं असतं, ती हीच परंपरा. पहिल्या महायुद्धाच्या काळात त्याने लढणाऱ्या सैन्यांच्या ताकदीचं गणित मांडलं. ते सूत्र लष्करी अभ्यासात अजून शिकवतात.

भारतात लँचेस्टर

तुम्ही म्हणाल, याचा आपल्याशी काय संबंध? मुंबईत जन्मलेला लेखक रुडयार्ड किपलिंग लँचेस्टर गाड्यांचा गिऱ्हाईक होता. नवानगरचे जामसाहेब, म्हणजे क्रिकेटवाले रणजितसिंहजी, यांच्याकडे लँचेस्टरच्या अनेक गाड्या होत्या. आणि अलवारच्या महाराजांनी १९२४ मध्ये लँचेस्टरवर चक्क राजेशाही बग्गीच्या आकाराची बॉडी चढवून घेतली. गंमत बघा ना. ज्या माणसाने बग्गीची नक्कल नको म्हणून गाडी मुळापासून आखली, त्याच्याच नावाच्या गाडीची आपल्याकडे बग्गी झाली! मॉडिफिकेशनचा शौक आजचा नाही, मित्रांनो.

नाव मोठं, खिसा रिकामा

धंद्यात मात्र लँचेस्टरचं नशीब साथ देत नव्हतं. गाड्यांना मागणी होती, पण भांडवल अपुरं. १९०४ मध्ये कंपनी आर्थिक अडचणीत सापडली आणि नव्याने उभी करावी लागली. पुढे त्याचा त्यातला सहभाग कमी होत गेला. १९०९ मध्ये तो डेमलर कंपनीचा सल्लागार झाला. १९२२ मध्ये त्याला रॉयल सोसायटीचं सदस्यत्व मिळालं. १९३१ मध्ये लँचेस्टर कंपनी दुसऱ्या उद्योगसमूहाने विकत घेतली.

शेवटची वर्षं कठीण गेली. पार्किन्सनच्या आजाराने हात थरथरायचे, दृष्टी अधू झाली, पैशांची ओढाताण होती. ८ मार्च १९४६ रोजी बर्मिंगहॅममध्ये तो वारला. आयुष्यभरात शेकडो पेटंटं, आणि तरी श्रीमंती नाहीच.

आणि त्यानंतर अवघ्या सात वर्षांनी, १९५३ मध्ये, फ्रान्सच्या ल मान्स इथल्या २४ तासांच्या शर्यतीत डिस्क ब्रेक लावलेली जॅग्वार सी-टाइप पहिली आली. ड्रमवाल्या गाड्यांचे ब्रेक तापून ढिले पडत होते तिथे जॅग्वारचे ड्रायव्हर वळणाच्या अगदी जवळ जाऊन ब्रेक दाबू शकत होते, पुन्हापुन्हा, रात्रभर. १९५५ मध्ये सित्रोएन डीएस या रोजच्या वापराच्या गाडीत पुढच्या चाकांना डिस्क आल्या आणि मग ते सगळीकडे पसरलं. पेटंटपासून शर्यतीपर्यंत ५१ वर्षं. त्याला ते बघायला मिळालं नाही.

आता तुमच्या बंपरकडे येऊ

शर्यतीच्या गाड्यांना बंपरमधून ब्रेकला हवा देतात, हे खरं आहे. फालतू दिखावा नाही तो. पण ते नेमकं कसं चालतं ते बघा.

गाडी पळते तेव्हा तिच्या नाकावर हवा दाबली जाते. तिथे तोंड उघडलं, की दाबलेली हवा आत शिरते. मग उष्णता सोसणाऱ्या जाड पाइपमधून ती चाकाकडे नेतात. आणि कुठे सोडतात? डिस्कच्या मधल्या भागात. कारण गाडीच्या पुढच्या डिस्क बहुतेक वेळा दोन पातळ तबकड्यांच्या बनलेल्या असतात, मध्ये पोकळी आणि पाती. डिस्क फिरली की ती पंख्यासारखी मधून हवा ओढते आणि बाहेरच्या कडेने फेकते. हवा मध्यभागी दिली तरच ती पूर्ण आतून फिरते. नुसती एका बाजूवर मारली, तर एक अंग गार, दुसरं तापलेलं. अशी डिस्क वाकायची किंवा तिला तडे जायचे.

म्हणजे बंपरचं भोक हा सगळ्यात सोपा भाग. खरं काम पाइपचं आणि शेवटच्या तोंडाचं. नुसतं भोक पाडून पुढे काहीच जोडलं नाही, तर हवा आत घुसून वाट फुटेल तिकडे जाते. कंपनीतून आलेल्या गाड्यांचे बरेचसे व्हेंटसुद्धा ब्रेकसाठी नसतातच. काही नुसते शोभेचे, आतून बंद. काही चाकाच्या बाहेरून हवेचा पडदा सोडायला, म्हणजे गाडीला हवेचा अडथळा कमी व्हावा म्हणून.

आता सगळ्यात महत्त्वाचा मुद्दा. समोरच्या हवेचा हा दाबसुद्धा वेगाच्या वर्गाने वाढतो. १०० चा वेग हा ४० च्या अडीचपट. म्हणजे दाब अडीच गुणिले अडीच, सव्वासहा पट. उलटं वाचा: राजूर घाटात तुम्ही ४० ने उतरताय तेव्हा व्हेंटमध्ये शिरणाऱ्या हवेचा दाब १०० च्या वेगाच्या साधारण सहाव्या भागाएवढाच असतो.

आणि उष्णता? ती मात्र तिथेच सतत तयार होतेय. समजा रस्ता दर १०० मीटरला ६ मीटर उतरतोय आणि १२०० किलोची गाडी तुम्ही न्यूट्रलमध्ये, फक्त ब्रेकवर, ४० ने उतरवताय. टायर आणि हवेचा विरोध वजा केला तरी ब्रेकमध्ये जवळपास सहा किलोवॅट उष्णता ओतली जाते. म्हणजे दोन किलोवॅटचे तीन गिझर, घाट संपेपर्यंत चालू!

कळलं का? शर्यतीत गाडी जोरात पळते, क्षणभर ब्रेक लागतो आणि पुढच्या सरळ रस्त्यावर भरपूर हवा मिळते. तिथे डक्ट सोन्यासारखा. समृद्धीसारख्या रस्त्यावर वेग आहे, पण ब्रेक क्वचित लागतो, त्यामुळे दोन ब्रेकच्या मध्ये डिस्क आपली आपण थंड होते. आणि घाटात ब्रेक सारखा लागतो, पण वेग नाही, म्हणून हवेला जोर नाही. जिथे आपल्याला सगळ्यात जास्त गरज, नेमकं तिथेच बंपरचं व्हेंट सगळ्यात कमी कामाचं.

ब्रेक तापले की काय होतं?

दोन गोष्टी. एक, पॅड इतके तापतात की त्यांची पकड घटते. पेडल कडक लागतं, पण गाडी थांबत नाही. दुसरी जास्त वाईट: ब्रेक ऑइल उकळतं. नव्या डॉट ३ ऑइलचा उत्कलनबिंदू किमान २०५ अंश असावा लागतो, डॉट ४ चा २३०. पण हे ऑइल हवेतली ओल शोषतं. ओल शोषलेल्या डॉट ३ साठी ही मर्यादा १४० आणि डॉट ४ साठी १५५ एवढी खाली धरली जाते. ऑइल उकळलं की नळीत वाफेचे बुडबुडे होतात. ऑइल दाबलं जात नाही, वाफ दाबली जाते. पाय सरळ खाली जातो आणि चाकाला काहीच कळत नाही. मागच्या सीटवर आई-वडील असतात, शेगावहून दर्शन घेऊन निघालेले. अशा वेळी बंपर किती भारी दिसतोय, याचा काही उपयोग नसतो.

मग करायचं काय?

घाटाच्या तोंडाशीच, उतार सुरू होण्याआधी, गिअर खाली घ्या. दुसरा किंवा तिसरा, उतार बघून. ऑटोमॅटिक असेल तर मॅन्युअल मोड किंवा एल. इंजिन गाडीला मागे ओढतं आणि ती उष्णता ब्रेकमध्ये जातच नाही. न्यूट्रलमध्ये उतरून पेट्रोल वाचतं, हे डोक्यातून काढा. आधुनिक इंजिनात गिअरमध्ये असताना पाय उचलला की इंधन बहुतेक वेळा आपोआप बंद होतं.

पाय ब्रेकवर नुसता टेकवून ठेवू नका. वेग वाढला की ठामपणे दाबा, कमी करा आणि पूर्ण सोडा. त्या सोडलेल्या वेळात डिस्कला हवा लागते.

जळका वास आला किंवा पेडल मऊ लागलं तर गिअर खाली घेऊन सुरक्षित जागी थांबा आणि ब्रेक गार होऊ द्या. तापलेल्या डिस्कवर पाणी ओतू नका, ती वाकू शकते.

ब्रेक ऑइल साधारण दोन वर्षांनी बदला, किंवा तुमच्या गाडीच्या मॅन्युअलमध्ये असेल तसं. बंपर कापण्याच्या खर्चापुढे हा खर्च काहीच नाही.

आणि एवढं करूनही तुम्ही ट्रॅकवर गाडी चालवत असाल आणि डक्ट हवाच असेल, तर तीन गोष्टी तपासा. स्टेअरिंग दोन्हीकडे पूर्ण वळवल्यावर आणि चाक खड्ड्यात दबल्यावर पाइप कुठे घासत नाही ना? तोंडाला जाळी आहे का? आपल्याकडची काळी माती पावसात पाइपमध्ये जाऊन बसली, की तो बंदच. आणि कायदा: मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार कंपनीच्या मूळ रचनेत मनाने बदल करता येत नाहीत. त्यामुळे आरटीओ आणि विमा कंपनीला आधी विचारा. बंपरच्या मागे सेन्सर आणि धक्का शोषणारे भाग असतात, ते कापून कुठलाही डक्ट नको.

लँचेस्टरने इंजिनाला पंखे लावले, कारण गाडी हळू असतानाही उष्णता तयार होते हे त्याला माहीत होतं. ब्रेकला असा पंखा नसतो, तिथे ते काम तुमच्या गिअरने करायचं असतं. तेव्हा आज गाडीजवळ गेलात की बॉनेट उघडा आणि ब्रेक ऑइलच्या डबीकडे बघा. पातळी दोन खुणांच्या मध्ये आहे का, रंग काळपट झालाय का, आणि शेवटचं कधी बदललं ते आठवतंय का? आठवत नसेल, तर पुढचा घाट उतरायच्या आधी फिटरकडे जाऊन या.